शपथेवर खोटं बोलणाऱ्याचं पुढे काय होतं? (बाबा निर्दोष सुटल्यानंतरचा प्रश्न)

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. गेले चार महिने लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

नोव्हेंबर २०१८. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून माझ्या भावाचं एका शेजाऱ्याशी वाजलं. धक्काबुक्की झाली. ती झाली नाही असं मी म्हणणार नाही, भावाचंही चुकलं. पण दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी जी फिर्याद दिली तिच्यात भावाबरोबर बाबांचंही नाव होतं. बाबांनी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लोखंडी सळईने डाव्या हातावर मारलं, असं. कलमं ३२४, ५०४, ५०६.

बाबा त्या दिवशी पुण्यातच नव्हते. मिरजेला होते. आत्याचं तातडीचं ऑपरेशन होतं आणि तिच्या घरचं कोणी वेळेत पोचू शकत नव्हतं, म्हणून संमतीपत्रावर बाबांनी सही केली. त्या कागदावर तारीख आहे, वेळ आहे, संध्याकाळचे ६.४०. मिरजेहून पन्नास मिनिटांत कर्वेनगर कोण गाठेल?

हा कागद आम्ही पहिल्या आठवड्यात ठाण्यात नेऊन दाखवला. "ते कोर्टात सांगा" असं उत्तर मिळालं. मग साडेसहा वर्षं शिवाजीनगरच्या तारखा. बाबा मराठीचे शिक्षक होते. प्रत्येक तारखेला आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करून ठेवायचे आणि सकाळी साडेदहाला कोर्टाच्या बाकावर जाऊन बसायचे, पुकारा चुकायला नको म्हणून. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर, कधी नुसतीच पुढची तारीख. मधे पासपोर्टचं नूतनीकरण अडकलं. खटला प्रलंबित असला की कोर्टाची परवानगी लागते. ती हातात येईपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण परदेशात होऊनही गेलं. आई एकटी गेली.

गेल्या वर्षी फिर्यादीची साक्ष झाली. मी कोर्टात मागच्या बाकावर होते. त्यांनी शपथ घेतली आणि बाबांकडे बोट दाखवून सांगितलं, "यांनीच मारलं." आवाज जरासुद्धा हलला नाही.

चार महिन्यांपूर्वी निकाल लागला. दोघेही निर्दोष. निकालात शब्द आहेत "संशयाचा फायदा देऊन". बाबांनी ती ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "संशय कसला? मी तिथे नव्हतोच."

माझा प्रश्न सरळ आहे. शपथ घेऊन असं बोलणाऱ्या माणसाला कायदा काही विचारतो की नाही?

---

उनाडपाऊस

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. ताई, थांबू नका. निकालाची प्रत घ्या आणि त्याच ठाण्यात त्याच्यावर एफआयआर ठोका. खोटी साक्ष म्हणजे सात वर्षं आहेत.

---

काळा_कोट

वीस वर्षं शिवाजीनगरला फौजदारी काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी उनाडपाऊस यांना: तसा एफआयआर होत नाही. कोर्टासमोर दिलेल्या खोट्या साक्षीची तक्रार ते कोर्टच करू शकतं, लेखी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १९५ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत २१५ आहे. ज्याला खोट्यामुळे भोगावं लागलं तो माणूस परस्पर दुसऱ्या मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्यादही घालू शकत नाही. तो कोर्टाच्या नजरेला आणून देतो, दार कोर्ट उघडतं.

कर्वेनगरकर, तुमच्या प्रकरणात खोटं दोनदा बोललं गेलं आहे आणि ती दोन खोटी वेगवेगळी आहेत.

पहिलं २०१८ च्या फिर्यादीतलं. खोटी माहिती देणं आयपीसी १८२, खोटा आरोप करणं २११. नव्या न्याय संहितेत ती २१७ आणि २४८ झाली आहेत आणि शिक्षाही वाढल्या आहेत, पण २०१८ च्या कृत्याला जुनाच कायदा लागतो. १८२ ची तक्रार पोलीस अधिकाऱ्याने करायची असते. २११ खाली तुमच्यासारख्या प्रकरणात दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत तीन वर्षं. ती कधीच उलटली. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण मी तिच्यावर फार भिस्त ठेवणार नाही.

दुसरं खोटं साक्षीच्या पिंजऱ्यातलं. साक्ष १ जुलै २०२४ नंतर, म्हणजे नवे कायदे लागू झाल्यावर झाली असेल तर गुन्हा न्याय संहितेखालचा, कलम २२९. सात वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजारांपर्यंत दंड. याला मुदतीची आडकाठी नाही. तुमचा रस्ता इथून आहे.

आता मला विचारायचंय: निकालाच्या दिवशी तुमच्या वकिलांनी नुकसानभरपाईचा किंवा खोट्या साक्षीचा अर्ज दिला होता का?

---

कर्वेनगरकर

नाही. असं काही असतं हेच माहीत नव्हतं. निकाल लागला, आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

---

काळा_कोट

बहुतेकांचं असंच होतं, म्हणून इतर वाचकांसाठीही लिहितो.

दोन तरतुदी निकालाला चिकटलेल्या आहेत. एक, जुनं कलम २५०, नवं २७३. आरोप करायला वाजवी कारणच नव्हतं असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर निर्दोष सोडतानाच्या आदेशातच फिर्यादीला विचारता येतं, की तू या माणसाला भरपाई का देऊ नये. दुसरी, जुनं ३४४, नवं ३८३. साक्षीदार जाणूनबुजून खोटं बोलला असं मत निकाल देतानाच नोंदवलं तर तेच कोर्ट त्याला थोडक्यात चालवून तीन महिन्यांपर्यंत शिक्षा देऊ शकतं. दोन्ही गोष्टी निकालपत्रात आल्या नाहीत की तो दरवाजा बंद. म्हणून ज्याच्या खटल्यात असलं खोटं आहे त्याने अंतिम युक्तिवादातच हे लेखी मागावं. सुटका झाल्यावर वकिलाला फोन करून उपयोग नाही.

तुमच्यापुढे आता दोन वाटा उरतात. जुन्या कलम ३४० चा, म्हणजे आताच्या ३७९ चा अर्ज, त्याच कोर्टात, की खोट्या साक्षीची तक्रार कोर्टाने करावी. आणि दिवाणी कोर्टात द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल भरपाईचा दावा. दाव्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष. तुमचे चार महिने गेले. ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

---

मुळामुठा

वाचतोय. आमच्याकडेही साधारण असंच चाललंय, भावकीच्या जमिनीवरून. फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावं घालायची, म्हातारी माणसंसुद्धा, म्हणजे तडजोडीला लवकर वाकतात.

---

पेठेतला

तक्रार करायचा हक्क कोर्टाकडेच का, असं बऱ्याच जणांना वाटेल. खटला हरलेला प्रत्येक जण जिंकलेल्यावर खोट्या साक्षीचा खटला घालत सुटला असता, म्हणून ही गाळणी ठेवली आहे. पण गाळणी कोर्टाच्या हातात असली तरी ती चुकू शकते, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे.

ताई महाराज प्रकरण. पुण्यातले सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था पाहणाऱ्यांत लोकमान्य टिळक होते. त्यांच्या विधवा ताई महाराजांनी कोणता मुलगा दत्तक घेतला, १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तविधान झालं की नाही, यावरून वाद पेटला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांसमोर टिळकांची साक्ष दिवसेंदिवस चालली आणि शेवटी त्या न्यायाधीशांनीच टिळकांवर खोटी साक्ष, बनावट कागद वगैरे आरोप ठेवून त्यांना मॅजिस्ट्रेटकडे पाठवलं. आज आपण ज्याला ३४० किंवा ३७९ म्हणतो त्याच जातीची तरतूद तेव्हाच्या कायद्यातही होती. १९०३ मध्ये खास मॅजिस्ट्रेटने टिळकांना खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सेशन्स कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली. टिळक काही दिवस तुरुंगात गेले. १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स यांच्या पीठाने, शिक्षा रद्द केली. आणि तो दत्तक खरा ठरायला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत जावं लागलं. साल १९१५.

टिळक म्हणाले तेच शेवटी खरं ठरलं. तरी मधल्या काळात शपथेवर खोटं बोलणारा म्हणून शिक्का बसलाच होता. म्हणून कर्वेनगरकर, तुमचा राग शंभर टक्के समजतो, पण अर्ज असा भक्कम करा की वाचणाऱ्याला दुसरा अर्थच काढता येऊ नये.

---

चाफा

मला इथे दुसरी बाजू मांडायची आहे. कर्वेनगरकर ताई, तुमच्या बाबांबद्दल मनापासून वाईट वाटलं. हे तुमच्यासाठी नाही, धाग्यावर "खोटी केस म्हणजे सात वर्षं" असं वाचून जाणाऱ्यांसाठी आहे.

मी नवऱ्याविरुद्ध छळाची, ४९८अ ची केस केली होती. पाच वर्षं चालली. शेजारच्या बाईंनी पोलिसांना सगळं सांगितलं होतं, कोर्टात म्हणाल्या मला काही आठवत नाही. दवाखान्याचा कागद एकच होता, कारण बाकीच्या वेळी मला दवाखान्यात जाऊच दिलं नव्हतं. नवरा निर्दोष सुटला. निकालानंतर जिन्यावर त्यांचे वकील माझ्या भावाला म्हणाले, आता तुमच्या बहिणीवर ३४० लावतो, जेलमध्ये जाईल. मी दोन महिने झोपले नाही. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते.

आरोपी सुटला म्हणजे बाई खोटारडी, हे समीकरण कोणी मांडू नका. कृपा करून.

---

काळा_कोट

चाफा, तुम्हाला जे सांगितलं गेलं ती निव्वळ धमकी होती. शब्द नीट वाचले की कळतं. खोटी साक्ष कोणाची? जो शपथेने बांधलेला असून असं विधान करतो जे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे त्याला ठाऊक आहे किंवा ते खरं असल्याचा त्याला विश्वास नाही. म्हणजे विधान खोटं असणं पुरत नाही. बोलणाऱ्याच्या मनात ते खोटं असल्याची जाणीव लागते. पुरावा कमी पडला, साक्षीदार फिरला, तारीख चुकली, पाच वर्षांनी तपशील पुसट झाला, यातलं काहीच खोट्या साक्षीत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ पासून हेच सांगितलं आहे की महत्त्वाच्या मुद्द्यावर, हेतुपुरस्सर खोटं असेल आणि शिक्षा होण्याची रास्त शक्यता असेल तेव्हाच हे पाऊल उचलावं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तर हे स्पष्ट लिहिलंय. कलम १४ मध्ये द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाई आहे, आणि तिथेच पुढे म्हटलंय की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून कारवाई करायची गरज नाही.

महाराष्ट्रात पोलीस तपासाच्या पातळीवरही हा फरक जुना आहे. तपास बंद करताना पोलीस कोर्टाला जो अहवाल देतात त्याला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, तर "अ" समरी. फिर्यादच द्वेषाने खोटी, तर "ब". आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली, ना धड खरी ना खोटी, तर "क". फिर्यादीवर उलटी कारवाई फक्त "ब" समरीत सुचवली जाते.

---

कर्वेनगरकर

चाफा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मला त्या गृहस्थांना मार बसला नाही असं म्हणायचंच नाहीये. हाताला खरंच लागलं होतं, झटापटीत ते रेलिंगवर आपटले. आमचं म्हणणं एवढंच की त्यांनी एक माणूस वाढवला. तो माणूस तिथे नव्हता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

---

स्वारगेट_डेपो

मी कधी लिहीत नाही इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझं स्वारगेटजवळ छोटं दुकान आहे. दहाएक वर्षांपूर्वी एक हवालदार ओळखीचे, म्हणाले जरा चला, पंच म्हणून सही पाहिजे. गेलो. टेबलावर एक चाकू सीलबंद होता. कागदावर लिहिलेलं होतं की आरोपीने माझ्यासमोर झुडपातून चाकू काढून दिला. मी झुडूप बघितलं नाही, आरोपी बघितला नाही. दुकान तिथेच चालवायचं होतं. सही केली.

चार वर्षांनी समन्स आलं. पिंजऱ्यात उभं केलं, शपथ दिली. सिनेमात दाखवतात तसं गीतेवर हात वगैरे काही नसतं. नुसतं म्हणायचं, ईश्वरसाक्ष खरं सांगेन. पण मंडळी, ते शब्द स्वतःच्या तोंडून निघाले ना, तेव्हा पाय कापायला लागले. सरकारी वकिलांनी विचारलं, चाकू तुमच्यासमोर काढला का? मी म्हणालो, नाही साहेब, मी ठाण्यात सही केली. मला फितूर जाहीर केलं. सरकारी वकिलांनी माझीच उलटतपासणी घेतली, मी पैसे खाल्ले असं सुचवलं. घामाघूम झालो.

लोक म्हणतात पंच फितूर झाला. मी त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोललो. सही केली तेव्हा खोटं होतं. तो आरोपी सुटला, आणि तो खरंच गुन्हेगार होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही. याचं ओझं आहे. कोणी पंच म्हणून बोलावलं तर जे डोळ्यांनी बघाल त्यावरच सही करा. कोरा कागद असेल तर परत या.

---

सांजवात

स्वारगेट_डेपो, हे लिहायला धीर लागतो.

---

लेखणी

याच्याशी जोडून एक गोष्ट. साक्षीदार फिरला की लोक विचारतात, त्याला शिक्षा का नाही? पोलिसांपुढचा जबाब, जुनं कलम १६१, आताचं १८०, शपथेवर नसतो आणि त्यावर साक्षीदाराची सहीही घेत नाहीत. कोर्टात तो फक्त विसंगती दाखवायला वापरता येतो. म्हणून "पोलिसांपुढे एक, कोर्टात दुसरं" एवढ्यावर खोट्या साक्षीचा खटला सहसा उभा राहत नाही. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब मात्र शपथेवर असतो, पूर्वीचं १६४, आताचं १८३. तिथे एक आणि साक्षीत नेमकं उलटं बोललं तर अडचण खरी. गंभीर गुन्ह्यांत हा जबाब आवर्जून नोंदवतात याचं हेही एक कारण आहे.

२००२ च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी खटल्यात मुख्य साक्षीदार वारंवार फिरली तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला एक वर्ष कैद आणि पन्नास हजार दंड केला, पण तो न्यायालयाच्या अवमानाबद्दल होता. आणि तिच्यावर दबाव आणणाऱ्यांचा प्रश्न शिल्लकच राहिला. साक्षीदाराला धमकावून खोटं बोलायला लावणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, आता कलम २३२. त्याची चर्चा कमी होते. फिरलेला साक्षीदार दिसतो, फिरवणारा दिसत नाही.

---

उनाडपाऊस

मग हे कलम कोणाला कधी लागलंय का? की नुसतं पुस्तकात?

---

सांजवात

मी अर्ज केलाय, म्हणून सांगते. शिवाजीनगरचं फॅमिली कोर्ट. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून त्याचा नमुनाच ठरलेला आहे आणि त्यात खोटं लिहिलं तर ३४० खाली कारवाई होऊ शकते असं न्यायालयाने म्हटलंय. समोरच्यांनी शपथेवर लिहिलं, नोकरी सुटली, महिना १५ हजार मिळतात, घर नाही. मी काही बोलले नाही. माझ्या वकीलबाईंनी आधी त्यांना उलटतपासात तेच पुन्हा ठामपणे म्हणू दिलं. "दुसरं कुठलंही खातं नाही ना?" "नाही." "नक्की?" "नक्की." मग बँकेला समन्स काढून दुसऱ्या खात्याचा उतारा मागवला. त्यात दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होता.

अर्ज दिल्यावर काय झालं? कोर्टाने सांगितलं, मूळ प्रकरणाबरोबर बघू. तो अर्ज अजून प्रलंबित आहे. पण पंधरा दिवसांत त्यांनी "नजरचुकीने राहिलं" म्हणून दुरुस्त प्रतिज्ञापत्र दाखल केलं आणि माझी अंतरिम पोटगी वाढली. मुलीची फी त्यातून जाते. कोणी जेलमध्ये गेलं नाही. मला त्याची गरजही वाटत नाही.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

---

काळा_कोट

उनाडपाऊस, लागतं, पण क्वचित. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच उद्वेगाने लिहिलं होतं की खोटी साक्ष ही कोर्टात रीतच होऊन बसली आहे. माझ्या अनुभवात तीन कारणं दिसतात. खालच्या कोर्टांत मूळ खटल्यांचाच ढीग आहे, त्यात न्यायाधीशाला स्वतः फिर्यादी होऊन नवा खटला जन्माला घालायचा नसतो. सुटलेला माणूस इतका दमलेला असतो की त्याला पुन्हा ती पायरी नको असते. आणि तिसरं, आम्ही वकील. उलटतपासात आम्ही साक्षीदाराला "तुम्ही खोटं बोलताय" असं सुचवतो, तो "नाही" म्हणतो, आम्ही खाली बसतो. संशय निर्माण करून अशील सोडवणं हे आमचं काम, तेवढ्यावर थांबतो. सांजवात यांच्या वकीलबाईंनी केलं तसं खोटं आधी पक्कं करून मग कागद पुढे ठेवण्याचे कष्ट कमी जण घेतात.

कर्वेनगरकर, आता खरा प्रश्न. तो मिरजेचा कागद खटल्यात निशाणी म्हणून वाचला गेला का? म्हणजे कोर्टाने तो पुराव्यात घेऊन त्याला निशाणी क्रमांक दिला का? रुग्णालयाचा कोणी माणूस साक्षीला आला होता का?

---

कर्वेनगरकर

काल नक्कल विभागातून निकालाची आणि साक्षींची प्रत काढून आणली आणि रात्री बसून वाचली. तुम्ही विचारलंत तेच निघालं.

आमच्याकडून संमतीपत्राची झेरॉक्स फक्त यादीबरोबर दाखल झाली होती. निशाणी पडली नाही. रुग्णालयातून कोणाला बोलावलं नाही. आमच्या वकिलांनी फिर्यादीला विचारलं, "आरोपी क्रमांक एक त्या दिवशी मिरजेला होते असं मी सुचवतो." उत्तर: "हे खरं नाही." संपलं. निकालात मिरजेचा उल्लेख एका ओळीत आहे, की त्याबाबत पुरावा दिलेला नाही. सुटका झाली ती सळई जप्त झाली नाही आणि दोन साक्षीदार एकमेकांशी जुळले नाहीत म्हणून.

बाबांना हे सांगायचा धीर अजून झालेला नाही.

---

काळा_कोट

सांगा त्यांना. त्यांना हे कळायला हवं, कारण "संशयाचा फायदा" हे शब्द का आले त्याचं उत्तर यात आहे. मी दुसऱ्या ठिकाणी होतो, हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावरच असते.

हे निस्तरता येतं का? येतं, पण सोपं नाही. अर्ज वाचताना कोर्ट दोन गोष्टी बघेल. गुन्हा घडल्याचं सकृद्दर्शनी दिसतं का, आणि तक्रार करणं न्यायाच्या हिताचं आहे का. दुसरी कसोटी पहिलीपेक्षा कठीण. २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलंय की इथे तुम्हाला किती दुखापत झाली हे तोलायचं नसतं, न्यायदानाच्या कामावर त्या खोट्याचा काय परिणाम झाला ते तोलायचं असतं. तेव्हा अर्जात साडेसहा वर्षांचं दुःख दोन ओळींत, आणि बाकी सगळी जागा एका मुद्द्याला: साक्षीचा अमुक परिच्छेद, हे विधान, हा कागद, ही वेळ, ही सही. भावाच्या भांडणात शिरू नका, सोसायटीचं राजकारण नको. एकच विधान धरा.

कोर्ट हवं तर प्राथमिक चौकशी करू शकतं, करायलाच हवी असं नाही. २०२२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते स्पष्ट केलंय. पण तुम्ही चौकशी मागा, कारण तुम्हाला मूळ कागद पुढे आणायचा आहे. रुग्णालयाच्या नोंदी तीन वर्षं जपायचं बंधन असतं. सहा-सात वर्षांनी मूळ केसपेपर आहे का हे आजच विचारा. नोंद संगणकावरची असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये ते पक्कं झालं आहे.

अर्ज मान्य झाला तर तक्रारदार कोर्ट असेल. तुम्ही आणि बाबा फक्त साक्षीदार. फेटाळला तर वरच्या कोर्टात अपील आहे. आणि दाव्याचं एक वर्ष विसरू नका, दोन्ही गोष्टी स्वतंत्र चालतात.

---

पेठेतला

पूर्वी आपल्याकडे गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत साक्ष देताना बेलभंडार उचलायला लावत. त्याने नाही भागलं तर रवादिव्य, उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. ती पद्धत गेली ते उत्तमच. पण तेव्हा साक्ष देणाऱ्याला गावात पुढे राहायचं असे. आता साक्ष देऊन माणूस जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनात उतरतो आणि मेट्रोच्या गर्दीत मिसळून जातो. तुमच्या बाबतीत तर तो रोज समोरच्या जिन्यात भेटत असेल.

---

कर्वेनगरकर

भेटतात. लिफ्टमध्येही. बाबा "नमस्कार" म्हणतात, अजूनही.

---

चाफा

ताई, पुढे काय झालं ते नक्की कळवा. तुमच्या बाबांचा अर्ज मंजूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. खरंच कोणी खोटं बोललं असेल तर ते एकेका विधानावर, कागदाने सिद्ध व्हावं. म्हणजे आमच्यासारख्यांना कोणी जिन्यात उभं राहून धमकावणार नाही.

---

कर्वेनगरकर (तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं, माफ करा.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी साक्षीची प्रत मागून घेतली आणि शिक्षकी सवयीने लाल पेनाने एकच वाक्य अधोरेखित केलं, परिच्छेद चार मधलं. म्हणाले, "अर्ज यावरच करायचा. मला त्याला तुरुंगात घालायचं नाही आणि पैसेही नकोत. त्या दिवशी मी मिरजेला होतो एवढं कोर्टाच्या कागदावर यायला हवं." आई म्हणाली, पुन्हा त्या बाकावर बसायचं तुम्हाला? ते काही बोलले नाहीत.

दाव्याच्या भानगडीत पडायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. मला ते पटलेलं नाही, पण खटला त्यांनी भोगलाय.

परवा भाऊ आणि मी मिरजेला जाऊन आलो. रुग्णालयाच्या रेकॉर्डरूममधल्या मावशींनी दोन तास फायली उपसल्या. २०१८ चे बरेच केसपेपर निकाली काढलेत. आत्याचं नाव, आयपीडी नंबर, सगळं सांगितलं. शेवटी विम्याच्या दाव्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या गठ्ठ्यात मूळ संमतीपत्र सापडलं. बाबांची सही, खाली ड्यूटीवरच्या डॉक्टरांची सही आणि वेळ. मावशी म्हणाल्या, कोर्टाचं समन्स आलं तर मी स्वतः फाईल घेऊन पुण्याला येईन.

काळा_कोट, एक शेवटचं विचारते. ती मूळ फाईल आता त्यांच्याकडेच सुरक्षित ठेवा असं रुग्णालयाला लेखी पत्र आम्हीच द्यायचं, की अर्जाबरोबर कोर्टाकडून तसा आदेश मागायचा?

---

काळा_कोट

दोन्ही. पत्र आजच, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. आणि अर्जात पहिली मागणी तीच ठेवा.